चिंगीला बाहेर सोडू की घरातच ठेवू?

चिंगीचं_घर
मोठं लिहिणार आहे, आधीच सांगते. आमची चिंगी आता सव्वा वर्षाची. गेल्या पावसाळ्यात पार्किंगमध्ये एका स्कूटरखाली ओरडत होती, मूठभर जीव, डोळे चिकटलेले, तेव्हापासून आमच्याकडे. आम्ही कोथरूडला पहिल्या मजल्यावर राहतो. ऑपरेशन झालंय, लसी झाल्यात. सकाळी बाल्कनीतून आंब्यावर उडी मारते, आंब्यावरून कंपाऊंडवर, आणि तिथून पुढे कुठे जाते ते तिलाच माहीत. जेवायच्या वेळेला बरोब्बर हजर. मला यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं, माझ्या माहेरी वाईला सगळ्या मांजरी अशाच फिरायच्या, रात्री चुलीपाशी येऊन झोपायच्या.

पण मागच्या पंधरा दिवसांत डोक्याला भुंगा लागलाय. आधी एके दिवशी ती जेवेचना, अंग गरम, गालाला हात लावला तर फिस्कारली. डॉक्टर म्हणाले बोक्याने चावलंय, आत पू झालाय, गाल कापून साफ केला, आठ दिवस गोळ्या. ती जरा बरी झाली तशी पुन्हा सोडली, आणि तिसऱ्या दिवशी तिने दयाळ पक्ष्याचं पिल्लू आणून माझ्या पायाशी ठेवलं. जिवंत होतं. शेपूट अजून फुटलेलंही नव्हतं नीट, चोच उघडी, आणि बाहेर आंब्यावर त्याचे आईबाप नुसते आकांत करत होते. मी खोक्यात ठेवलं, पाण्याचे थेंब दिले, संध्याकाळपर्यंत गेलं. अंगावर जखम म्हणावी तर एवढीशी, टाचणी टोचल्यासारखी. लेकीने विचारलं आई ते का मेलं, मला काही सांगता आलं नाही.

तेव्हापासून बाल्कनीचं दार बंद आहे. आज चौथा दिवस. पहाटे साडेचारपासून दाराशी बसून रडते, दार ओरबाडते. सासूबाई म्हणतात मुक्या जनावराला कोंडून ठेवू नये, नवरा म्हणतो आता सोडायचीच नाही. मला दोघांचंही पटतं आणि झोप कुणालाच नाही. तुम्ही काय करता?

वाडीकर
ताई, मी राजापूरकडचा. आमच्याकडे पाच मांजरं आहेत आणि एकही 'पाळलेलं' नाही, म्हणजे ती आमची आहेत पण कुणी दार लावून ठेवत नाही. भाताची कणगी, नारळ, काजूबिया, आणि उंदीर. मांजर नसेल तर वर्षाचं धान्य उंदीर खातात आणि उंदरांमागोमाग घरात साप येतो, आमच्याकडे फुरसं काय नवीन नाही. त्यामुळे मांजर कोंडा म्हटलं तर आमच्याकडे कुणी ऐकणार नाही. आणि मांजर ते मांजर, पिल्लंसुद्धा सात घरं फिरवतं, त्याचा पिंडच फिरण्याचा.

मनीमाऊ७७
सासूबाईंना अनुमोदन. उन्हात लोळणं, झाडावर चढणं, मातीत उकरणं हे सगळं काढून घेतलं तर राहिलं काय त्या जिवाला? आमची मनी अकरा वर्षं बाहेर फिरली, काही झालं नाही.

दयाळ_
पक्षी बघणारा माणूस आहे (आयडीवरून कळलंच असेल) त्यामुळे मनापासून लिहितोय, राग मानू नका. तुम्हाला जे पिल्लू मिळालं ते घरट्यातून पडलेलं नव्हतं बहुतेक. दयाळ, बुलबुल, शिंपी, सगळ्यांची पिल्लं घरटं सोडतात तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. काही दिवस ती खालच्या फांदीवर, झुडपात, कधी जमिनीवर बसून असतात आणि आईबाप तिथे येऊन भरवतात. नेमके तेच दिवस मांजराच्या तावडीत सापडण्याचे. आणि ती टाचणीएवढी जखम म्हणालात ना, मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात, त्या एवढ्याशा जखमेतून ते पक्ष्याच्या रक्तात जातात आणि वेळेत अँटिबायोटिक मिळालं नाही तर पक्षी वाचणं मुश्किल. तुमच्या पाण्याच्या थेंबांनी ते वाचणारच नव्हतं, स्वतःला दोष देऊ नका.

मनीमाऊ ताई, तुमच्या मनीला काही झालं नाही, पण मनीने काय काय केलं ते तुम्हाला कळलं नसेल. मांजर मारतं त्यातलं सगळं घरी आणत नाही. अमेरिकेत २०१३ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात मोकळ्या मांजरांमुळे दरवर्षी १३० ते ४०० कोटी पक्षी मरतात असा अंदाज होता. त्यातला बराच मोठा वाटा बेवारस मांजरांचा आहे हेही त्यातच म्हटलंय, ते लपवत नाही. पण पोट भरलेलं मांजरसुद्धा शिकार करतं, भूक आणि शिकार या त्याच्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि शहरात आधीच झाडं किती उरलीत? तुमच्या आंब्यावर दयाळची एकच जोडी असणार. त्यांचं त्या वर्षीचं सगळं तुमच्या दारात येऊन पडलं.

वाडीकर
दयाळभाऊ, आमच्याकडे पक्ष्यांना काय कमी नाही हो. पण बोलताय ते चूक नाही. पाचातली एक मांजरीण मागच्या मार्गशीर्षात बिबट्याने नेली, पडवीतून. त्याआधीचा बोका नाग की काय चावून गेला, तोंडाला फेस, अर्ध्या तासात संपला. आम्ही हे 'चालायचंच' म्हणून सोडून देतो. खरं सांगायचं तर आमच्याकडे मांजर सहासात वर्षं जगलं तर पुष्कळ झालं असं म्हणतात.

पशुवैद्य_कोल्हापूर
मी रोज हेच बघतो म्हणून सविस्तर लिहितो. वाडीकर म्हणतात ते वय बरोबर आहे, आणि घरात राहणारं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं, काही तर वीसच्या घरात जातात. फरक कशाने पडतो? गाडी, कुत्री, बोक्यांची भांडणं, विष खाल्लेले उंदीर, आणि साथीचे आजार.

बोक्याच्या चाव्याचं चिंगीच्या बाबतीत झालं ते अगदी ठरलेलं. सुळा बारीक आणि लांब, वरची कातडी एका दिवसात मिटते आणि आत पू धरतो. दोन-तीन दिवसांनी ताप येतो तेव्हा मालकाला कळतं. शिवाय चाव्यातून एफआयव्ही नावाचा, मांजराची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू पसरतो, त्याच्यावर औषध नाही.

उंदराच्या विषाबद्दल लोकांना फार कमी माहिती आहे. सोसायटीत पेस्ट कंट्रोलवाले ठेवतात त्या निळ्या-हिरव्या वड्यांमध्ये बऱ्याचदा रक्त गोठू न देणारं औषध असतं. उंदीर ते खाऊन लगेच मरत नाही, तीन-चार दिवस सुस्त फिरतो. असा सुस्त उंदीर मांजराला आयता मिळतो. मग मांजराच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. लवकर आणलं तर व्हिटॅमिन के१ ने वाचतं. लोक आणतात ते चौथ्या दिवशी.

आणि एक गैरसमज इथेच खोडतो. 'घरात असतं मग लस कशाला' असं म्हणू नका. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या साथीच्या आजाराचा विषाणू वातावरणात वर्षभरसुद्धा टिकतो, तो तुमच्या चपलेला लागून घरात येतो. पिल्लू आठ-नऊ आठवड्यांचं झालं की ट्रायकॅट ही लस, तीन-चार आठवड्यांनी बूस्टर, बारा आठवड्यांनंतर रेबीज. घरातलं असो की बाहेरचं. आणि घरगुती औषध म्हणून क्रोसिन तर चुकूनही देऊ नका, पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरते.

टेम्सकाठ
इकडे इंग्लंडमध्ये मात्र चित्र उलटं आहे म्हणून लिहिते. इथे मांजर बाहेर जाणारच असं गृहीत असतं. दाराला कॅट फ्लॅप, म्हणजे मांजराला ये-जा करायची छोटी झडप, मागे गार्डन. आम्ही शेल्टरमधून मांजर घ्यायला गेलो तर आमचं घर मोठ्या रस्त्याला लागून आहे आणि गार्डन नाही म्हणून त्यांनी तरुण मांजर द्यायला नकार दिला, म्हणाले घरात राहायची सवय असलेलं वयस्कर मांजर न्या. इथली पक्ष्यांची सगळ्यात मोठी संस्था, आरएसपीबी, तीसुद्धा म्हणते की मांजरांमुळे देशभरात पक्ष्यांची संख्या घटतेय असा स्पष्ट पुरावा नाही. १० जून २०२४ पासून वीस आठवड्यांवरच्या पाळीव मांजराला मायक्रोचिप मात्र सक्तीची झाली, नाहीतर ५०० पौंडांपर्यंत दंड. म्हणजे फिरू द्या पण कुणाचं आहे ते कळलं पाहिजे. मला हे बरं वाटतं.

कॅनबेराकर
आणि आमच्याकडे बरोब्बर याच्या विरुद्ध! कॅनबेरात १ जुलै २०२२ नंतर जन्मलेलं कुठलंही पाळीव मांजर मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं, बाहेर न्यायचं तर पट्टा लावून. त्याआधी जन्मलेल्यांना सूट आहे, पण काही उपनगरांमध्ये तीही नाही. कारण ऑस्ट्रेलियात मांजर हा प्राणीच नव्हता, युरोपियन लोकांनी आणला, त्यामुळे इथल्या छोट्या प्राण्यांना त्याच्यापासून वाचायची अक्कल अंगात मुरलेलीच नाही. न्यूझीलंडमध्ये स्टीफन्स बेटावर दीपगृह झालं तेव्हा मांजरं आली, आणि तिथला न उडणारा छोटा रेन पक्षी १८९०च्या दशकात काही वर्षांत नामशेष झाला.

आम्ही मागच्या अंगणात जाळीचा पिंजरा केलाय, चांगला खोलीएवढा. इथे त्याला कॅटिओ म्हणतात. आत झाडाचं खोड, फळ्या, एक कुंडी मातीची. आमचे दोन बोके दिवसभर तिथेच.

दयाळ_
जर्मनीतलं वॉलडॉर्फ पण आठवतं का? २०२२ मध्ये चंडोलाच्या जातीचा एक पक्षी वाचवायला त्यांनी एप्रिल ते ऑगस्ट मांजरं घरात ठेवा असा हुकूमच काढला. तिथे त्या पक्ष्याच्या मोजून काही जोड्या उरल्या होत्या. जमिनीवर घरटं करणारा पक्षी, बिचारा करणार काय. मांजर बाहेर दिसलं तर ५०० युरो दंड. लोक खूप चिडले होते, पण मला ते पटलं, कारण ते वर्षभरासाठी नव्हतं, विणीच्या हंगामापुरतं होतं. आपल्याकडे तुम्ही निदान मार्च ते जुलै चिंगीला आत ठेवलंत तरी त्या आंब्यावरचं एक घरटं पार पडेल.

सोसायटीकर
मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे, दुसरी बाजूही ऐका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटी पाळीव प्राण्यावर बंदी घालू शकत नाही, ठराव करूनही नाही, आणि ते मला मान्य आहे. पण तळमजल्यावरच्या आजी रोज कुंडीतली घाण उपसतात. मुलांच्या खेळायच्या वाळूत मांजरं बसतात. गाड्यांच्या सीटवर नखं. भांडण माझ्याकडे येतं आणि मांजराचे मालक म्हणतात आमचं नव्हेच ते. पुणे महापालिकेने २०२२ च्या अखेरीस मांजरांसाठीही परवाना सुरू केला, किती जणांनी काढलाय? चिंगीच्या आईला म्हणत नाही, एकंदरीत विचारतोय.

चिंगीचं_घर
आमचा परवाना आहे :) पण कुंड्यांचं खरं आहे. शेजारच्या काकूंनी मला कधी तोंडावर बोलून दाखवलं नाही, नुसतं तुळशीभोवती काटक्या खोचून ठेवल्या होत्या. त्या कशासाठी ते मला हा प्रतिसाद वाचून आत्ता कळलं. खूप वाईट वाटतंय.

दादरची_चाळ
सगळे पाळीव मांजराबद्दल बोलतायत, मी रस्त्यावरच्यांना खाऊ घालते, सोळा आहेत सध्या. त्यातली निम्मी एके काळी कुणाच्या तरी घरातली होती. 'फिरायला सोडली आणि आली नाही' त्यांचं पुढे काय होतं ते आमच्यासारख्यांना दिसतं. ऑपरेशन न करता मोकळं सोडणं हा सगळ्यात मोठा गुन्हा आहे, माझ्या दृष्टीने. चार-पाच महिन्यांचं पिल्लूच गाभण राहतं, दोन महिन्यांत विते, आणि पिल्लं दूध पीत असतानाच पुन्हा गाभण. मी मागच्या पावसाळ्यात गटाराच्या झाकणाशेजारून पाच पिल्लं उचलली, एक जगलं.

आम्ही पिंजरा लावून पकडतो, ऑपरेशन करतो, भूल दिलेली असतानाच कानाचं टोक जरासं कापतो म्हणजे पुन्हा कुणी त्यालाच पकडून नेऊ नये, आणि जिथून उचललं तिथेच सोडतो. दुसरीकडे सोडलं तर तिथले बोके जगू देत नाहीत. हे सगळं स्वतःच्या पैशाने. तेव्हा ज्यांच्याकडे घर आहे, दार आहे, त्यांनी निदान आपलं एक तरी आत ठेवावं एवढीच विनंती.

आणि पावसाळ्यात, थंडीत गाडी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारत जा. पिल्लं इंजिनाच्या उबेला बसतात.

मनीमाऊ७७
दादर ताई तुमचं वाचून गप्प बसले. गटारावरचं ते चित्र डोळ्यासमोरून जात नाहीये.

नवी_आई
थोडं अवांतर, पण विचारते. मी तिसऱ्या महिन्यात आहे आणि घरचे म्हणतात मांजर सोडून ये कुठेतरी, टोक्सो होतो (मांजराच्या विष्ठेतून होणारा संसर्ग, पोटातल्या बाळाला धोका). आमचं मांजर कधीच बाहेर गेलेलं नाही. खरंच द्यावं लागेल का?

पशुवैद्य_कोल्हापूर
नाही. मांजराला टोक्सोप्लाझ्मा होतो तो शिकार करून किंवा कच्चं मांस खाऊन. तुमचं शिकारही करत नाही आणि कच्चं खात नसेल तर धोका फारच कमी. झालाच तरी ते साधारण एक ते तीन आठवडेच विष्ठेतून बाहेर टाकतं, आणि विष्ठेत पडल्यावरही तो बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ करायचा, आणि तो तुम्ही नाही, नवऱ्याने. बागेत मातीत हात घालताना हातमोजे, भाज्या नीट धुणं, मटण पूर्ण शिजवणं, हे मांजरापेक्षाही महत्त्वाचं. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून रक्त तपासून घ्या. मांजर कुठेही सोडू नका.

नवी_आई
खूप खूप आभार. रडूच आलं.

कॅनबेराकर
चिंगीच्या रडण्याबद्दल कुणीच बोललं नाही. मी दोन प्रौढ बोके आत आणलेत, त्यामुळे सांगतो. नुसतं दार बंद केलं तर ते कोंडणंच झालं, त्याबाबत सासूबाई बरोबर आहेत. बाहेर तिला जे मिळत होतं ते आत आणावं लागतं. उंची हवी, म्हणजे कपाटाच्या वर जायला फळ्या. खिडकीत बसायला जागा. आणि खेळ. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाचा २०२१ चा अभ्यास आहे, रोज पाच-दहा मिनिटं मांजराशी खेळलं तर त्याने घरी आणलेली शिकार २५ टक्क्यांनी कमी झाली, आणि भरपूर मांस असलेलं खाणं दिलं तर ३६ टक्क्यांनी. गळ्यात घंटा बांधून मात्र काही फरक पडला नाही. हे बाहेर फिरणाऱ्या मांजरांचं आहे, पण त्यातून कळतं की त्याला नक्की काय हवंय.

काठीला दोरी, दोरीला पीस. ते तोंडासमोर नाचवायचं नाही, सोफ्यामागे सरपटत न्यायचं, थांबवायचं, जरा हलवायचं, उंदीर करतो तसं. शेवटी तिला पकडू द्यायचं आणि लगेच ताटली समोर. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा त्यांचा क्रम आहे. रात्री दहाला हे करा, पहाटे साडेचारचं ओरडणं कमी होईल. आणि ओरडली म्हणून एकदाही दार उघडू नका. एकदा उघडलं की ती शिकते की अमुक इतका वेळ रडलं की दार उघडतं.

वाडीकर
हे बरं सांगितलंत. आमच्याकडे पीस सोडा, भाताची काडी हलवली तरी पाची येतात.

दादरची_चाळ
बाल्कनीला जाळी लावायची असेल तर कबुतरांची नायलॉनची पातळ जाळी नको. मांजर कुरतडतं, उन्हाने सडते. जाड जाळी घ्या आणि हुक जवळ जवळ मारायला सांगा, खालच्या कडेला तर जास्तच. डोकं गेलं की अख्खं मांजर जातं. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून एक पडलं होतं, जबडा आणि पुढचा पाय. 'मांजर नेहमी पायावर पडतं' याच्या भरवशावर राहू नका.

चिंगीचं_घर
दोन महिन्यांनी लिहितेय, खूप जणांनी विपूत (इथल्या निरोपांत) विचारलं.

जाळी लावली. काम करणारा दादा म्हणाला मांजरासाठी एवढी जाड कशाला, मी म्हटलं लावा. बाल्कनीत नवऱ्याने तीन फळ्या जिन्यासारख्या ठोकल्यात, एका कुंडीत तिच्यासाठी गहू पेरलाय, ती तो चघळते. पहिले बारा दिवस फार वाईट गेले. सासूबाई दोनदा दार उघडायला उठल्या होत्या, मी हात धरला. मग त्यांनीच तिच्याशी खेळायचं काम घेतलं. रात्री नऊची मालिका संपली की जुन्या परकराची नाडी घेऊन बसतात, आणि चिंगी सव्वानऊपासून त्यांच्या दाराशी जाऊन थांबते. पहाटेचं रडणं तिसऱ्या आठवड्यात थांबलं. अजूनही कधी कधी आंब्याकडे तोंड करून बसते आणि मला पोटात तुटतं, ते खोटं कशाला सांगू.

काकूंकडे वाटीभर खोबऱ्याच्या वड्या घेऊन गेले होते. तुळशीतल्या काटक्या काढल्यात त्यांनी.

दयाळ_ यांच्यासाठी: ती जोडी अजून आहे. नर सकाळी आंब्याच्या शेंड्यावरून शीळ घालतो आणि चिंगी जाळीला नाक लावून दात कटकट वाजवते. घरटं झाडात नाही, मागच्या भिंतीत पाईपच्या भोकात आहे, आम्हाला परवाच दिसलं.

दयाळ_
त्या भोकाजवळ रंगकाम किंवा प्लंबिंगचं काही निघालं तर महिनाभर पुढे ढकलायला सांगा. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं बाहेर पडायला जवळपास तेवढेच. फोटो काढायला जवळ जाऊ नका.

सोसायटीकर
ताई, त्या जाळीवाल्याचा नंबर मला पाठवाल का? आमच्याकडे चार घरांना लावायची आहे. आणि भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला भोकं चालत नसतील तर काय करायचं तेही त्याला विचारून सांगा.

चिंगीचं_घर
विपू केलाय. विचारलं मी, तो म्हणतो लोखंडी ग्रिल असेल तर जाळी ग्रिललाच आतून वायरने बांधता येते, भिंतीला हात लावावा लागत नाही. फक्त खालची कड महिन्यातून एकदा हाताने ओढून बघायची.